हिचा उजवा हात आणि माझी मदत

फिजिओथेरपीच्या बाई नुसतं एवढंच म्हणाल्या होत्या, "काका, खरं तर तुमचेच हात बांधायला हवेत." हे ऐकून शहाणा माणूस काय करील? हसेल आणि सोडून देईल. पण मी उभा जन्म कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढला आहे. वरून आलेला आदेश मी कधी हसण्यावारी नेला नाही. मी पायजम्याची नाडी शोधायला लागलो.

बाई असं का म्हणाल्या, ते आधी सांगतो. (म्हणजे माझा वेडेपणा तुम्हाला क्रमाने कळेल.)

आमची ही कपडे शिवते. शिवायची, असं म्हणायला हवं आता, पण जीभ वळत नाही. गल्लीतल्या निम्म्या बायकांची मापं हिला तोंडपाठ. माझ्या अकलेचं माप तर लग्नानंतर आठवड्याभरातच घेऊन झालं होतं. बीपीच्या गोळ्या हिने मधेच सोडल्या. का, तर "बरं वाटतंय की मला!" बरं वाटत होतं ते त्या गोळ्यांमुळेच, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा ही हॉस्पिटलच्या खाटेवर होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि उजवा हात पांघरुणावर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडलेला.

तोंड सावरलं. काठी घेऊन का होईना, चालायलाही लागली. हात मात्र हटून बसला. खांद्यातून हलायचा, कोपरात वाकायचा, बोटं जेमतेम थरथरायची. त्याहून वाईट म्हणजे ही मला रागवेनाशी झाली. एकदा मी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. हिने निमूटपणे पिऊन टाकला. (मीठ मी मुद्दाम घातलं होतं.) मग मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

बाई आमच्या मुलीच्या वयाच्या, पण आवाज हेडमास्तरांचा. "काकू, सकाळी दोन तास डावा हात पिशवीत. जे काय करायचं ते उजव्याने. हात वापरलात तर मेंदू पुन्हा शिकेल, नाहीतर त्या हाताला विसरून जाईल. हे सुरुवातीचे महिने हातचे घालवू नका. आणि काका, मदत करायची नाही!"

व्यायाम साधा होता. हिच्याच डब्यातली कोटाची मोठी बटणं टेबलावर पसरायची आणि एकेक उचलून वाटीत टाकायचं. साधा म्हणजे मला. ही हात पुढे रेटायची, बोटं बटणावरून घसरायची, बटण पुढे पळायचं. जिने अंधारात सुई ओवली असती, तिची ही दशा मला बघवेना. ती खिडकीकडे बघायला लागली की मी हळूच एखादं बटण वाटीत सरकवायचो. वाटी भरली की म्हणायचो, "बघ, जमतंय की तुला!"

ती नुसतं "हं" म्हणायची.

पुढच्या खेपेला भरलेली वाटी बघून बाई हरखल्या. "वा काकू! आता माझ्यासमोर एक टाका बघू."

पडलं नाही. दुसरंही नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," ही म्हणाली. "ह्यांना बरं वाटायचं तेवढंच."

त्यावर बाई ते हात बांधायचं बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिचा डावा हात पिशवीत घातला, बटणं मांडली, आणि कपडे घेऊन आलेल्या इस्त्रीवाल्याला मी आत बोलावलं. नाडी त्याच्या हातात दिली, खुर्चीत बसलो, हात खुर्चीच्या पाठीमागे घेतले. "बांध."

"साहेब, घरात काही भांडण?"

"बांध रे, घट्ट बांध."

त्याने बांधले. "तोंडपण बांधू?"

एरवी हिने "तेच आधी बांध" असं म्हटलं असतं. त्या दिवशी काही आलं नाही. इस्त्रीवाला दार लोटून घाईघाईने निघून गेला.

आम्ही समोरासमोर बसलो. हिचा एक हात पिशवीत, दुसरा मांडीवर, माझे दोन्ही पाठीमागे. संसारात आता धड असा एकही हात उरला नव्हता.

"कर ना गं," मी म्हणालो.

"नाही होत. कळत नाही का तुम्हाला?" तिचे डोळे भरले. "हा माझा हातच नाही."

ते ऐकून माझा धीर सुटला. उठून तिच्या पाठीवर हात ठेवावा म्हणून मी झेपावलो. (हात बांधलेत हे मी विसरलो. बांधलेला माणूस विसरू शकतो, हे मला माहीत नव्हतं.) खुर्चीसकट पुढे कलंडलो आणि टेबलावर थेट गालावर आपटलो. बटणं उडाली. मान वर केली तर एक बटण घामाने गालालाच चिकटलेलं.

"अगंबाई! लागलं का हो?"

आणि तिचा हात पुढे आला. उजवा. थरथरत आला, आधी माझ्या कानावर धडकला, मग एक बोट सरळ माझ्या डोळ्यात गेलं. मी हूं की चूं केलं नाही. बोटं चाचपडत खाली उतरली, बटणाच्या कडेला अडली, मिटली. बटण तिच्या चिमटीत होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिने ते वाटीत सोडलं.

मी हमसाहमशी रडायला लागलो. पुसायला हात नव्हते. तीही रडत होती.

तेवढ्यात बाई दार ढकलून आत आल्या. माझा लाल डोळा आणि ती नाडी बघून जागच्या जागी थिजल्या. मी हुंदके देत सगळं सांगितलं. त्यांनी हिची बोटं हातात घेऊन दाबून पाहिली. त्यांचाही आवाज जरा मऊ झाला.

"काकू, आता रोज हेच करायचं. सगळंच परत येईल असं मी म्हणत नाही. पण सुरुवात झाली." मग माझ्या पाठीमागे येऊन त्या गाठीला हात घालणार, एवढ्यात ही म्हणाली,

"थांबा. सोडू नका."

"का हो, काकू?"

"आत्ता कुठे मला काहीतरी जमतंय," ही म्हणाली. "हे सुटले की लगेच मदतीला येतील."