पैलवानाचा गोपनीय अहवाल

मुलीने लग्नासाठी पैलवान पसंत केला. पैलवान म्हणजे तांबड्या मातीतला नव्हे. जाळीच्या पिंजऱ्यात उतरून लाथा, बुक्के, कुस्ती सगळं एकाच तिकिटात दाखवणारा. मिक्स्ड मार्शल आर्ट्स की काय म्हणतात ते. मुलगी फिजिओथेरपिस्ट. त्याचा निखळलेला खांदा तिने जागेवर आणला, आणि पुढे चार महिने तो बरा झालेला खांदा दाखवायला येत राहिला.

"बाबा, तुमचा मनापासून होकार असेल तरच," मुलगी म्हणाली.

तेवढ्यावर हेडक्लार्कसाहेब "बरं" म्हणाले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण सत्तावीस वर्षं ऑफिसात लोकांचे वार्षिक गोपनीय अहवाल लिहिण्यात गेलेली. (घरच्या मांजराबद्दलही त्यांनी एकदा "कामात टाळाटाळ करते" असा शेरा मारला होता.) ते म्हणाले, "मूल्यमापन केल्याशिवाय मी शिपायालासुद्धा कायम केलेलं नाही. हा तर जावई होणार."

"करा, करा," बायको भाजी निवडत म्हणाली. "नाहीतरी रविवारी तुम्हाला काम नसतं."

खरं सांगायचं तर साहेबांना भीती वाटत होती. मुलगी एकुलती एक. दिवसभर मारामारी करणारा माणूस संध्याकाळी घरी येऊन हात कुठे ठेवतो, हे कोणाला विचारायचं? असा प्रश्न तोंडाने विचारता येत नाही. म्हणून त्यांनी कपाटातून ऑफिसचा कोरा फॉर्म काढला. पाठपोट छापलेला, गुण, उणिवा, सुधारणेस वाव, आणि तळाशी ज्याचा अहवाल त्याची सही.

आठवडाभर त्यांनी फोनवर पैलवानाच्या अकरा लढती पाहिल्या. आवाज बंद ठेवून, कारण बायकोला तो आरडाओरडा सोसत नसे. आणि अहवाल भरत गेला. वक्तशीरपणा: उत्तम, घंटा वाजताच काम थांबवतो. (ऑफिसात हा गुण फक्त साडेपाचच्या घंटेला दिसतो.) उपस्थिती: समाधानकारक, मात्र तिसऱ्या लढतीत डोक्यावर लाथ बसल्यावर चार सेकंद गैरहजर. सहकाऱ्यांशी वागणूक: सुरुवातीला अत्यंत आक्षेपार्ह, शेवटी मिठी मारतो. उणिवा: दमला की चेहरा राखणारा डावा हात हनुवटीखाली येतो.

एक गोष्ट साहेबांना फारच आवडली. पैलवानाने कोणाला मागून गळ्याभोवती धरलं की तो समोरचा माणूस थोड्या वेळाने त्याच्या दंडावर दोन-तीन थापा मारत असे. लगेच हाही त्याला सोडून देई. साहेबांची स्वतःची पद्धत हुबेहूब हीच. ते कारकुनांचं तोंडाने कधी कौतुक करत नसत. काम आवडलं की दंडावर दोन थापा. कारकून मंडळी त्या दोन थापांवर वर्ष काढत. त्यांनी गुणांत लिहिलं: "प्रतिस्पर्धीही मोकळ्या मनाने कौतुक करतात."

रविवारी सकाळी पैलवान चहाला आला. दारातून जरा तिरका होऊन आत आला, काकूंच्या पाया पडला आणि सोफ्याच्या कडेवर असा बसला की सोफ्याला त्रास होऊ नये. साहेबांनी अहवालाची पहिली बाजू वाचून दाखवली. डाव्या हाताची उणीव ऐकल्यावर पैलवानाने कप खाली ठेवला.

"काका, हे माझ्या कोचला कळायला दीड वर्ष लागलं."

साहेबांची छाती फुगली. मुलीकडे आणि बायकोकडे त्यांनी एकेकदा पाहिलं. तिथेच थांबायचं होतं. पण माणसाची छाती एकदा फुगली की आवरत नाही.

"आता प्रात्यक्षिक," ते म्हणाले. "तो मागून गळ्याला धरायचा प्रकार. माझ्यावर करून दाखव."

"काका, तुमच्यावर कसं करणार?"

"बाबा, काहीतरीच काय," मुलगी म्हणाली.

"फॉर्ममध्ये रकाना आहे," साहेब म्हणाले, आणि टीपॉय बाजूला सरकवून सतरंजीवर मांडी घालून बसले.

पैलवान नाइलाजाने मागे बसला. नवीन शर्टाचं माप घ्यावं इतक्या हलक्या हाताने त्याने साहेबांच्या गळ्याभोवती हात घातला. पकड नेटकी, कोपर जागेवर. साहेबांना काम पसंत पडलं. त्यांनी सवयीने दंडावर दोन थापा मारल्या.

पैलवानाने झटकन हात काढला.

"का रे, सोडलंस का? चांगलं चाललं होतं."

पैलवान गोंधळला. "सॉरी काका." त्याने पुन्हा धरलं. साहेबांनी पुन्हा शाबासकी दिली. त्याने पुन्हा सोडलं. असं सात वेळा झालं. चौथ्या वेळेला तर पकड बसायच्या आतच साहेबांनी उत्तेजन म्हणून थापा दिल्या, तर त्या गड्याने धरलंच नाही. बायको निवडायची भाजी बाजूला ठेवून उभी राहिली होती, आणि मुलगी तोंडावर उशी धरून बसली होती. साहेबांना वाटलं, बिचारीला लाज वाटतेय.

त्यांच्या डोक्यात मात्र आता लख्ख प्रकाश पडला. त्या लढतींतही हेच होत होतं की! लोकांनी जरा कौतुक केलं की हा हातातलं काम सोडून उठतो. त्यांनी चष्मा लावला, गुणांतली ती ओळ खोडली आणि उणिवांत लिहिलं: "कौतुक होताच काम अर्धवट सोडतो. चिकाटी नाही."

मुलीने उशीवरून ती ओळ वाचली आणि तिचं हसू मावळलं. चिकाटी नाही, हा शेरा असलेल्या माणसाला बाबांनी आजवर कायम केलं नव्हतं.

"एक शेवटची संधी," साहेब म्हणाले, आणि मनाशी ठरवलं, आता काही झालं तरी थाप द्यायची नाही.

पैलवानाने धरलं. साहेबांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. पैलवान थापेची वाट बघत राहिला. साहेब त्याची चिकाटी बघत राहिले. जोर काहीच नव्हता, पण आपण त्याला मदत करावी म्हणून साहेब स्वतःच मान ताठ करून मागे रेलत होते, चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. शेवटी पैलवानच घाबरून बाजूला झाला.

"काका, थाप का नाही दिलीत?"

"मुळीच देणार नाही. थाप दिली की तू सोडतोस," साहेब म्हणाले, आणि त्याच्याकडे वळायला गेले तर मान वळेना. कट्ट करून एक आवाज आला आणि ती डावीकडे अडकली ती अडकलीच.

मुलीने येऊन मानेवर बोटं ठेवली. दाबता दाबता ती हळूच म्हणाली, "बाबा, त्यांच्या खेळात थाप म्हणजे शाबासकी नसते. थाप म्हणजे, मी हरलो, सोड."

साहेबांनी खिडकीकडे बघत (दुसरीकडे बघण्याची सोय नव्हती) बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"म्हणजे मी..."

"सात वेळा," बायको म्हणाली. "मी मोजलं."

"चौथ्या वेळेला तर त्याने धरायच्या आधीच," मुलीने भर घातली.

पैलवान अवघडून म्हणाला, "काका, समोरच्याने थाप दिली आणि मी सोडलं नाही, असं एकदाही झालेलं नाही. कोचने पहिल्या दिवशी तेवढंच शिकवलं. बाकी सगळं नंतर."

साहेबांची आठवडाभराची भीती तिथे विरघळली. समोरच्याने नुसता हात लावून पुरे म्हटलं की थांबणारा माणूस. एवढंच तर त्यांना विचारायचं होतं. त्यांना फार बरं वाटलं, डोळेही जरा भरून आले, आणि मान वळत नसल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही. त्यांनी फॉर्म मागवला, उणिवांतली ओळ खोडायला लावली आणि मुलीला सांगितलं, "लिही, कायम करण्यास हरकत नाही."

मुलगी त्यांच्या गळ्यात पडणार होती, पण मान बघून तिने हातावर भागवलं. पैलवान पाया पडला. चहाचं दुसरं आधण चढलं.

तेवढ्यात बायको हात पुसत आली. कपाटातला दुसरा फॉर्म तिच्या हातात होता, पाठपोट भरलेला. वर तिने साहेबांचं नाव घातलं होतं, आणि उणिवांचा रकाना ती शांतपणे वाचू लागली. "हरलो हे स्वतःला कळत नाही. घोरत नाही म्हणतो, घोरतो. रस्ता विचारत नाही. मांजराचं ऐकतो, माझं ऐकत नाही."

साहेबांनी खिडकीकडे बघतच हात लांब केला आणि टीपॉयवर दोन थापा मारल्या.

पैलवान चटकन उठून उभा राहिला. "काकू, त्यांनी थाप दिली. आता थांबायला लागतं."

"तुमच्या खेळात," बायको म्हणाली, आणि तिने फॉर्म उलटून मागची बाजू वाचायला घेतली.