पाठलागापूर्वीचा पंचनामा

एका चोराच्या मागे लागलेली पोलिसांची जीप कलिंगडांच्या हातगाडीत शिरली. चोर परत आला, जखमी फौजदारांना पाणी पाजले आणि मग पळाला. वरिष्ठांनी या प्रकाराची गंभीर दखल घेतली व १९९६ च्या मार्चमध्ये 'सुरक्षित पाठलाग' हे परिपत्रक निघाले. पाठलाग सुरू करण्यापूर्वी त्याचा पंचनामा बंधनकारक झाला. पंच दोन हवेत. प्रतिष्ठित, आणि चोराच्या नात्यातले नसलेले.

परिपत्रकाचा पहिला लाभ दिघ्याच्या कोंडिबाला मिळाला. सकाळी साडेआठला तो एपीएमसी मार्केटबाहेर चहा पीत असताना कोणीतरी त्याचा टेम्पो डोळ्यांदेखत चालू करून नेला. तो धावत चौकीत शिरला.

"सायेब, टेम्पो पळवला! मागं कोबीच्या गोण्यांवर माझी बायको झोपलीय!"

हवालदार हौसेरावांनी खिडकीतून पाहिले. टेम्पो समोरच लाल सिग्नलला थांबला होता. चोर नियम पाळणारा होता.

"दिसतोय ना? मग टेन्शन नाही. पंच आणा."

समोरच्या स्टॉपवर बेलापूरच्या बसची वाट पाहत बावीस नोकरदार उभे होते. पोलीस येताना दिसताच एकाने घड्याळात पाहिले, म्हणून सगळ्यांनी पाहिले.

"दोनच सह्या हव्यात," हौसेराव म्हणाले. "टेम्पोत बाईमाणूस आहे."

"माझं मस्टर आहे हो."

"मी या सेक्टरचा नाही."

"नंतर कोर्टात खेटे घालावे लागतात. आमचे साडू सहा वर्षं घालतायत."

"पोलिसांनी काहीतरी केलं पाहिजे," चष्मेवाले एक गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी पेपर तोंडासमोर धरला.

सिग्नल हिरवा झाला. टेम्पो ठाण्याच्या दिशेने निघाला.

"मीच व्हतो पंच!" कोंडिबा ओरडला.

"तुम्ही फिर्यादी. त्यात नवरा. प्रतिष्ठित कुठून होणार?"

कोंडिबा पायीच धावत सुटला. पायी पाठलागालाही पंच लागतात, हे हौसेरावांनी त्याला जीपच्या भोंग्यावरून कळवले व त्याला परत आणून बाकड्यावर बसवले.

पाऊण तासाने टेम्पो आपण होऊन परत आला. चोरच चालवत होता. केबिनच्या मागच्या फुटक्या खिडकीतून आलेल्या एका हाताने त्याची कॉलर घट्ट धरली होती. हात कोंडिबाच्या बायकोचा, शकुबाईचा होता. रबाळ्याच्या खड्ड्यात तिला जाग आली होती.

"फिरव म्हनलं, फिरवला," ती खाली उतरत म्हणाली. "पोरगं ऐकतंय तसं." मग तिची नजर कोंडिबाकडे वळली. "आन तुमी? चाच पीत हुता व्हय अजून?"

हौसेराव मात्र चिंतेत पडले. पाठलाग सुरू होण्याआधीच संपला होता. परिपत्रकात यालाही कलम होते: 'अनधिकृत समाप्ती'. शिवाय चालत्या वाहनाच्या चालकाची मान धरून वाहतुकीस धोका. टेम्पो कोबीसकट जमा झाला. चोराचे नाव 'जखमी' या रकान्यात लिहिले गेले आणि शकुबाईचे 'आरोपी'च्या.

"सायेब, तिनं चोर धरून आनलाय!"

"तेच तर. कोणाच्या परवानगीने?"

पुन्हा पंच हवे होते. या वेळी शोधावे लागले नाहीत. बेलापूरची बस अजून यायचीच होती आणि अख्खा स्टॉप चौकीच्या दारात लोटला होता. चष्मेवाले सर्वांत पुढे.

"मी स्वतः पाहिलं. मान धरली होती. सुशिक्षित वस्तीत असा कायदा हातात घेणं बरं नाही."

दोन सह्या पुरेशा होत्या. बावीस झाल्या. मस्टरची आठवण कोणालाच राहिली नाही.

शकुबाई तारखांना जाते. टेम्पो चौकीमागे उभा आहे आणि कोबीचा वास स्टॉपपर्यंत येतो, अशी पंचांचीच लेखी तक्रार आहे. कोर्टात साक्षीसाठी पंचांपैकी एकवीस सापडले. बाविसाव्याने नाव घातलेले नाही, नुसती सही ठोकली आहे. हौसेराव ती जुळवून पाहत घरोघर फिरत आहेत. तुमच्याकडेही येतील. घाबरू नका, चहा विचारा, आणि ते देतील त्या कोऱ्या कागदावर फक्त एकदा सही करून दाखवा.