वजनात घट

"आजवर माझ्या हातून सोन्याचा एक कण सुटलेला नाही!" असं तपासनीस साहेब प्रत्येक चढावर म्हणत, आणि मोटरसायकल चालवणारा त्यांचा मेहुणा प्रत्येक उतारावर "हो भाऊजी" म्हणे.

डोंगरातल्या वस्त्यांवरचे लोक ओढ्याची वाळू परातीत धुऊन सोन्याचे कण गोळा करत आणि सोसायटीला विकत. पण त्याआधी साहेब यायचे. मोटरसायकलवर मागे बसून, काट्याची पेटी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन! सोनं तपासायचं, वजन करायचं, बाटलीला सील ठोकायचं. बारा वर्षं हेच केल्यामुळे त्यांचा माणसांवरचा विश्वास पार उडाला होता. मेहुण्याने वळणावर गाडी थांबवली की लगेच प्रश्न, "का थांबलास?"

"इंजिन तापलंय, भाऊजी."

"इंजिन तापलंय की कुणाची वाट बघतोयस?"

सकाळी ओढा ओलांडताना गाडी घसरली आणि दोघेही कमरेपर्यंत भिजले. साहेबांनी आधी पेटी तपासली, मग मेहुण्याचे खिसे!

या फेरीत तर त्यांच्या संशयाला नुसता ऊत आला होता. तीन वस्त्या झाल्या होत्या आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रकार. वस्तीच्या काट्यावर एक वजन, साहेबांच्या काट्यावर त्याहून कमी! साहेबांनी तिन्ही वस्त्यांना फैलावर घेतलं आणि वहीत शेरा मारला, 'वजनात घट, संशयास्पद'. असा शेरा सोसायटीत पोचला की त्या वस्तीचं सोनं घेणं बंद. मग वर्षभर वाळू धुवा आणि वाळूच बघत बसा!

चौथ्या वस्तीत साहेब तयारीनेच उतरले. पत्र्याच्या खोलीत सोनं धुणाऱ्या बायकांची प्रमुख बसली होती. तिला सगळे अक्का म्हणत. शेजारी तिचा जावई, हातात सोन्याची बाटली घेऊन.

"दार लावा," साहेब म्हणाले. "खिडकीही. कुणी जागचं हलायचं नाही. आधी वजन, मग तपासणी, मग पुन्हा वजन!"

वजन झालं. बारा ग्रॅम चाळीस. साहेबांनी चिमूटभर सोनं घेतलं, दोन बोटांत चोळलं, उजेडात धरलं, परत ताटलीत टाकलं. मग विचारात पडून मिशीला पीळ दिला. मिशी म्हणजे काय, झाडूच! मेण लावून टोकं वर वळवलेली. अठरा वर्षांची मेहनत होती ती.

पुन्हा वजन. बारा ग्रॅम एकतीस!

साहेबांनी पुन्हा चिमूट घेतली, चोळली, टाकली, मिशी पिळली. बारा ग्रॅम अठरा!

"माझ्या डोळ्यांदेखत!" साहेब ओरडले. "माझ्या नाकाखाली चोरी!"

"आमच्यातलं कुणी हललंसुद्धा नाही, साहेब," जावई म्हणाला.

"हा बोलला, म्हणजे हाच!" साहेब म्हणाले.

गंमत अशी, की अक्कालाही ते लगेच पटलं. "मला वाटलंच होतं! लग्नात म्हणाला होता, घर पक्कं आहे. जाऊन बघते तर भिंती तीनच!"

"चौथी बांधतोय ना, सासूबाई!"

"सात वर्षं?"

मग झडती सुरू झाली. जावयाचे खिसे, बूट, कान, तोंड. जीभ उचलून खालून बघितलं. मग बायकांचे पदर झटकले. त्यात एका बाईचा गेल्या वर्षी हरवलेला कंगवा दुसरीच्या केसांत सापडला आणि भलतंच भांडण पेटलं. शेवटी मेहुण्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

"भाऊजी, मी तर दाराजवळ होतो!"

"म्हणूनच! पळायला सोपं!" साहेबांनी पुन्हा चिमूट चोळून चौथ्यांदा वजन केलं. बारा ग्रॅम नऊ! त्यांनी दोन्ही हातांनी मिशी पिळली आणि वहीत शेरा लिहायला घेतला. अक्काचा चेहरा पडला. जावयाच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप साहेबांच्या तोंडावर पडली. मेहुण्याने मान वळवली आणि तो बघतच राहिला.

"भाऊजी," तो हळूच म्हणाला, "तुमची मिशी चमकतेय."

"चमकणारच! रोज मेण लावतो."

"मेण असं कणाकणाने चमकत नाही, भाऊजी."

अक्का उठली. साहेबांच्या नाकाला नाक लावून तिने नीट पाहिलं. बोटांना चिकटलेले कण मिशीत, मिशीतले मेणात, अगदी मुळापर्यंत! साहेबांना जितका संशय, तितकी मिशी श्रीमंत!

अक्काने त्यांना परातीवर ओणवं करून साबणाने मिशी धुतली. मेण हलेना.

"काढावी लागेल," ती म्हणाली. "केस जाळायचे, राख धुवायची. सोनं खाली राहील."

"मिशी काढायची? मी घरी काय सांगू?"

"वजनात घट," मेहुणा म्हणाला.

वस्तीत वस्तरा एकाकडेच होता, तोही जावयाकडे! ज्याची जीभ उचलून बघितली होती, तोच माणूस आता साहेबांच्या नाकाखाली धारदार पातं धरून उभा राहिला. "हलू नका, साहेब," तो गोड आवाजात म्हणाला. साहेब बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणावरही आरोप न करता गप्प बसले.

केस जळले, राख धुतली, कण काट्यावर आले. इथलं सोनं एक तृतीयांश ग्रॅमही कमी भरलं नव्हतं. काट्याने मात्र एक ग्रॅम वीस दाखवलं!

अक्काने एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. "साहेब, आमचं एवढं नव्हतं. आणखी कुठेकुठे विचार करून आलात?"

साहेबांनी जावयाची माफी मागितली, अगदी हात जोडून. मग इथला वाटा अक्काला देऊन उरलेलं सोनं पुडीत बांधलं आणि गाडी उलट फिरवायला लावली.

तिसऱ्या वस्तीत पोचले तेव्हा लोक गाडीभोवती जमले. "तुमचं सोनं परत द्यायला आलोय," साहेब नम्रपणे म्हणाले.

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. सोनं परत द्यायला येणारा तपासनीस आजवर कुणी पाहिला नव्हता. ओळखपत्र मागितलं, तर फोटोत मिशी! कुणीतरी गाडीची किल्लीच काढून घेतली.

"खऱ्या साहेबांचं काय केलंत? आणि हे सोनं कुणाचं?" एक म्हातारा गरजला. मग मेहुण्याला विचारलं, "तू सांग, हेच का ते साहेब?"

मेहुण्याने साहेबांकडे बराच वेळ बघितलं. "आवाज तर तोच वाटतो," तो म्हणाला, "पण खात्रीने नाही सांगता येणार."

साहेबांचा संयम सुटला. "अरे, परत द्यायला आलो तरी संशय? लाज नाही वाटत? एकजात सगळे चोर आहात! एकेकाची झडती घेतो, थांबा!"

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम खुलला.

"सोडा रे, सोडा!" तो म्हणाला. "साहेबच आहेत. चहा टाका!"