हट्ट्याच्या रानी बेचाळीस एमबीचा तळ पडला त्याची हकिकत

मेंढीचे तोंड, डावीकडून. गुलाब, त्यावर दव, त्यावर सुप्रभात. मोटारीची जळालेली वायर. कुणाच्या तरी मांडवातले जिलबीचे ताट. अंगठा. पुन्हा अंगठा. मेंढीचे तोंड, तेच की दुसरे, सांगवत नाही.

एवढी रयत एका फोनात नांदत असता, मौजे हट्टा, तालुके वसमत, सुभे हिंगोली येथे जे युद्ध जाहले, ते पुढील पिढ्यांनी फोन घेतेसमयी ध्यानी धरावे, म्हणोन हे लिहिणे.

दीड एकर हळदीचे धनी, राजमान्य संपतराव, यांस वर्तमान पोचले की पीक पाहणीची मुदत आज सरते. सूर्य मावळण्याआधी खासा रानात उभे राहून, अ‍ॅप उतरवून, पिकाची तसबीर सरकारी रुजू न केली, तर कमरेइतकी हळद डोलत असताही सातबाऱ्यावर रान पडीक लिहिले जाईल. ज्या रानाने चौदा वर्षांत एक हंगाम रिकामा पाहिला नाही, ते कागदोपत्री पडीक! ही नामोशी संपतरावांस सोसवेना, आणि मग दुपारी तीनास ते फोन खिशात घालून रानावर चालून गेले, आणि मागोमाग त्यांचे कुटुंब नर्मदाबाईसाहेब पाण्याची कळशी घेऊन निघाल्या, आणि शेजारच्या रानाचे धनी खेमाजी, ज्यांची नोंद पहिल्याच आठवड्यात होऊन चुकली होती, ते बांधावर मौज पाहावयास बसले.

अ‍ॅपाचे वजन बाजारी बेचाळीस एमबी लिहिले होते. फोनात जागा मोकळी ऐंशी. संपतरावांनी जवळपास निम्मी उरते ऐसे पाहून त्यास दिमाखाने आत घेतले. आत येताच त्याने कमरबंद सोडला, आणि हातपाय पसरले, आणि ऐंशीच्या ऐंशी गिळली, आणि मग तसबीर काढू जाता फोनाने फर्माविले की जागा शिल्लक नाही.

“बेचाळीसचं ऐंशी काहून झालं?” संपतराव गरजले. “दगा हाय हा!”

बांधावरून खेमाजींचा अर्ज आला, “दादा, पाव्हणा एकला म्हणून आला अन् वऱ्हाड घेऊन उतरला जणू!”

मग कत्तलीचा हुकूम सुटला. गुलाब पहिल्या हल्ल्यात पडले, आणि जिलबी पडली, आणि अंगठे पडले. परंतु पडलेले वीर कचरापेटीत महिनाभर जागा धरून बसतात, ही खबर कोणास नव्हती, त्यामुळे एक बोटभर मुलूखही हाती लागला नाही. तेव्हा संपतरावांची नजर मेंढ्यांवर गेली.

बाईसाहेबांचे माहेर मेंढपाळांचे. बंधू परमेश्वर कळप घेऊन मुलूखभर फिरतात, आणि नवे कोकरू झाले की त्याच्या तोंडाची तसबीर बहिणीस ह्याच फोनावर धाडतात, आणि बहीण नाव ठेविते, आणि तेच नाव कळपात चालते. ऐशी एकशे बारा तोंडे. नक्कल दुसरीकडे नाही.

बाईसाहेबांचे फर्मान निघाले, “एकीला जरी बोट लागलं ना, तर हळद तुमीच काढा अन् तुमीच शिजवा.”

संपतरावांचे बोट हवेत थबकले. ऊन कलले. हळदीत सावल्या शिरल्या, आणि रान घटकेघटकेने पडीक होऊ लागले.

मग बाईसाहेबांनी कळशी खाली ठेवून मसलत दिली, ती येणेप्रमाणे: “आवं, परमेश्वरचं बिऱ्हाड सारं एका घोडीवर येतंय. म्हणून काय घोडीएवढ्याच जागेत ऱ्हातंय? गाठोडी सुटतेत, कळपाभवती जाळं ताणलं जातंय, चूल मांडली जाती, कोकरं मोकळी होतेत. बेचाळीस म्हंजी ती लादलेली घोडी. ऐंशी म्हंजी उतरलेला तळ. अन् कळप चार दिस बसला की लेंड्या पडतेत त्या येगळ्याच! तुमच्या जुन्या अ‍ॅपांनी बी आत काही टाकलंच आसंल. लेंड्या झाडा की, मेंढ्या काहून काढता?”

हे ऐकताच खेमाजी बांधावरून उडी घालून कुमकेस आले. “व्हय की वहिनी! कॅशे म्हणतेत त्याला. आमच्या पोरीनं, पुजानं दाखवलं होतं. दादा, सेटिंगात शिरा.”

संपतराव शिरले. एकेक अ‍ॅपाचे दरवाजे उघडीत रिळे पाहावयाच्या अ‍ॅपापाशी आले, तो आत लेंड्यांचा ढीग: नऊशे सोळा एमबी.

“तुमी तर म्हणत होता, मी ते उघडतच न्हाई,” बाईसाहेब म्हणाल्या.

“आपोआप साठतंय ते,” संपतराव फोनाकडे पाहत म्हणाले.

“हां. आमच्या बी लेंड्या मेंढ्यांबिगर पडतेत!”

खेमाजी हसता हसता सरीत बसले. संपतरावांनी कॅशे साफ केली, आणि मैदान मोकळे जाहले, आणि सहा वाजून नऊ मिनिटांनी हळदीची तसबीर सरकारी रुजू पडली. येणेप्रमाणे मौजे हट्टा, रान दीड एकर, हळद, उभी, ऐसे दफ्तरी दाखल. एकशे बारा मेंढ्या शाबूत. शत्रू ऐंशी एमबीच्या तळासह आतच राहिला, त्यास अभय दिले. फत्ते.

मुदत पंधरा दिवस वाढल्याचे पत्र त्याच दुपारी चारास गावाच्या ग्रुपवर आले होते. फोनात जागा नसल्याने ते उघडले नव्हते.