नंतर काढायची ओळ

"आर्लन, ट्रक पोचला रे तुझा! किती गुणाचं माझं पोर ते!"

फोनवर आईचा आवाज इतका चढला होता की आर्लन कोस्केलाने फोन कानापासून लांब धरला. बाहेर कमरेएवढा बर्फ साचला होता. आत गरम कॉफी, अंगात पायजमा आणि समोर लॅपटॉपवर पाइन हार्बर गावाचा नकाशा. नकाशावर बर्फ लोटणाऱ्या ट्रकांचे निळे ठिपके फिरत होते. लोकांनी फोनवर एक बटण दाबायचं, की ट्रकने येऊन दारातला बर्फ काढून जायचं, असं ते ॲप. नाव 'स्कूप'. ते आर्लनने लिहिलं होतं. आज हिवाळ्यातलं पहिलं मोठं वादळ, म्हणजे ॲपची पहिली खरी परीक्षा. आर्लनची छाती अशी फुगली होती की पायजम्याच्या सदऱ्याचं बटण तुटायचंच काय ते बाकी होतं.

"कुठला ट्रक, आई? मी नाही पाठवला."

"असू दे, असू दे. आईजवळ कसला लाजतोस!" असं म्हणून इल्माबाईंनी फोन ठेवून दिला.

इल्माबाईंची एक जुनी पंचाईत होती. थोरला मुलगा वेड बर्फाचा ट्रक चालवायचा. तो काय करतो हे कुणाला सांगावं लागत नसे, रस्त्यावर दिसायचंच. शेजारच्या बर्निसचा डॅरिल दातांचा डॉक्टर, त्यामुळे बर्निस बोलायला तोंड उघडायची तेही दात दाखवूनच. पण धाकट्या आर्लनचं काय सांगायचं? "कॉम्प्युटरमध्ये आहे," असं इल्माबाई म्हणायच्या. त्यावर बर्निस म्हणायची, "हो का? मग आमचा प्रिंटर बघायला पाठव ना त्याला." आणि आर्लन बिचारा जाऊन प्रिंटर दुरुस्त करूनही यायचा. तिथेच सगळं मुसळ केरात जायचं. पोराचा अभिमान तर उतू जातोय आणि लोकांना दाखवायला हातात काही नाही, ही आईच्या जिवाला केवढी बोच असते ते दुसऱ्या आईलाच कळेल.

फोन पुन्हा वाजला.

"अरे, अजून चार आले! एकाने अंगण केलं, एक मागचं गवत उघडं करतोय. बर्निस खिडकीत उभी आहे. पडदा सरकवून बघतेय, मला दिसतंय ना सगळं!"

आता आर्लनने नकाशा नीट पाहिला आणि कॉफी नाकात गेली. गावभर पसरलेले निळे ठिपके एकाच गल्लीकडे निघाले होते. ती गल्ली त्याच्या चांगलीच ओळखीची होती. तिथेच तो सायकल शिकला होता.

त्याने घाईघाईने कोड उघडला. गुन्हेगार समोरच बसला होता. ॲप लिहिताना पत्ता सापडला नाही की सगळं बंद पडायचं. वैतागून आर्लनने एक ओळ टाकली होती, की पत्ता सापडला नाही तर हा पत्ता धर. आता 'हा' म्हणजे कुठला? त्याला एकच पत्ता तोंडपाठ होता, आईचा. ओळीच्या वर त्याने प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं होतं, 'तात्पुरतं. नंतर काढणे.' आमच्या या कोड लिहिण्याच्या धंद्यात लोकांनी जीव ओतून लिहिलेलं वर्षभरात मोडीत निघतं, पण हे 'तात्पुरतं' म्हणून लिहिलेलं मात्र नातवंडांपर्यंत टिकतं. का ते विचारू नका.

आज सकाळी अख्ख्या गावाने एकदम बटण दाबलं. पत्ते शोधून देणारी यंत्रणा भांबावून गप्प बसली. ॲपने दोन क्षण वाट पाहिली, पत्ता सापडत नाही असं ठरवलं आणि गावातल्या प्रत्येक हाकेला इल्माबाईंच्या दारात ट्रक धाडला.

तेवढ्यात कर्टिसचा फोन. कर्टिस म्हणजे कंपनीचा मालक. त्याने हौसेने मेयरबाईंना ऑफिसात बोलावून मोठ्या पडद्यावर हाच नकाशा दाखवायला बसवलं होतं.

"आर्लन," कर्टिस दबक्या आवाजात म्हणाला, "सगळे ठिपके एका जागी का जमलेत? मेयरबाई विचारतायत, तिथे हॉस्पिटल आहे का?"

"तिथे... माझी आई आहे."

मग कर्टिस खच्चून हसला, मेयरबाईंना ऐकू जाईल असा. "कवायत, मॅडम! आमची कवायत चाललीये!" आणि पुन्हा कुजबुजला, "लवकर संपव रे बाबा ती कवायत. नाहीतर गावाचं कंत्राट हातचं जाईल आणि आपण दोघं फावडी घेऊन फिरू."

ओळ काढायला आर्लनला अर्धं मिनिटही लागलं नाही. पण आमच्यात एक शिस्त आहे. दुसऱ्या कुणीतरी तपासून 'हो' म्हटल्याशिवाय कुठलाही बदल लोकांपर्यंत जात नाही. हे तपासायचं काम मार्सीकडे. हीच मार्सी, जिने आर्लनचा ढीगभर कोड न वाचता 'मस्त!' म्हणून पुढे ढकलला होता. त्यात ती ओळही होती. ढीगभर पाठवलं की कुणी वाचत नाही आणि एवढंसं पाठवलं की प्रत्येकाच्या अंगात मास्तर संचारतो, हा आमच्या लोकांचा स्वभावच.

"ही ओळ का काढतोयस?" मार्सीने फोनवर विचारलं.

"मार्सी, नंतर सांगतो. आधी हो म्हण."

"नाही, पण कारण लिहिलेलं नाहीयेस. सहा महिन्यांनी कुणी वाचलं तर कळायला नको? आणि हिची चाचणी कुठाय?"

"चाचणी? अगं बाई, गावातले सगळे ट्रक माझ्या आईच्या दारात उभे आहेत!"

"हं," मार्सी शांतपणे म्हणाली, "मग हेच लिही ना कारण म्हणून."

आर्लनने दात ओठ खात ते अक्षरशः तसंच लिहिलं. मार्सीने ते वाचलं, 'माझ्या आईच्या दारात'ऐवजी 'एकाच पत्त्यावर' असं लिहायला लावलं, आणि मग कुठे हो म्हटलं. ओळ गेली. नव्या हाका ज्याच्या त्याच्या दाराकडे वळल्या. आर्लनने सुस्कारा सोडला आणि नकाशाकडे पाहिलं.

एकही ठिपका हलत नव्हता.

"आई, ते ट्रकवाले अजून तिथेच का आहेत?"

"कॉफी घेतायत रे. एवढ्या थंडीत आलेत, उपाशी पाठवू की काय? पन्नुकाक्कू केकचा दुसरा ट्रे आत्ताच ओव्हनमध्ये घातलाय. आणि हे बघ, आपला वेडसुद्धा आलाय! हिवाळाभर बोलावतेय तर साहेबांना सवड नव्हती. शेवटी धाकट्याने पाठवला तेव्हा आला."

मागून वेडचा आवाज आला, "आई, मला फोनने पाठवलं इथे!"

"कळलं, तू खा आधी."

"आई, त्यांना जाऊ दे. माझं ऐक, ती..."

"ठेवते रे, बर्निस येतेय!"

आता जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आर्लनने पायजम्यावरच जाड पँट चढवली आणि निघाला. रस्ते गच्च भरलेले, त्यामुळे गाडीचा प्रश्नच नव्हता. कमरेएवढा बर्फ तुडवत जाताना दोन्ही बाजूंना लोक फावड्यांनी आपापली दारं उकरत होते आणि कुणाच्या तरी नावाने बोटं मोडत होते. एक म्हातारा फावडं टेकवून ओरडला, "ए, हे स्कूप का फिस्कूप कुठल्या दिवट्याने बनवलंय रे?"

सकाळी ज्याची छाती फुगली होती तोच आर्लन मान खाली घालून म्हणाला, "कल्पना नाही, काका." आपल्याच लेकराला ओळख न देणारा बाप कसा चोरटा होत असेल, तसं त्याला वाटलं.

आईच्या गल्लीत मात्र तो थबकला. सगळ्या मिशिगनमध्ये इतका स्वच्छ रस्ता त्या सकाळी नसेल. पार कोपऱ्यापर्यंत फाळ वर करून ट्रक उभे होते. घरासमोरचा ड्राइव्हवे तर असा घासला होता की डांबर चमकत होतं. पोर्चवर धिप्पाड दाढीवाले ड्रायव्हर हातात ताटल्या घेऊन उभे आणि मधोमध इल्माबाई ठेवणीतला स्वेटर घालून. शेजारी बर्निस, झोपायच्या गाऊनवर कोट घातलेली, तोंड मिटलेली.

"हा बघा आला!" इल्माबाई कडाडल्या. "हाच माझा आर्लन! यानेच पाठवलं तुम्हा सगळ्यांना!"

ड्रायव्हरांनी कॉफीचे कप उंचावले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आर्लनला आईचा चेहरा दिसला. त्या बाईच्या डोळ्यांत अक्षरशः पाणी होतं. आज पहिल्यांदा तिला बोट दाखवून सांगता येत होतं की माझा मुलगा हे करतो. आणि आता त्याने तोंड उघडलं की सगळं बर्निससमोर मातीत जाणार. पण तिकडे लोक अजून फावडी मारतायत. गप्प बसणंही शक्य नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "मी नाही पाठवले गं. हे सगळे चुकून आलेत. चूक माझीच आहे. यांना आत्ताच्या आत्ता जायला हवं, गाव अडकून पडलंय."

बर्निसच्या ओठांची कड हळूच वर गेली.

"चुकून?" इल्माबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "एवढे सगळे चुकून?"

"हो. माझी एक ओळ चुकीची राहिली होती."

"एक ओळ?"

"हो."

"एवढीशी?" त्यांनी बोटांत अंतर धरून दाखवलं.

"साधारण तेवढीच."

इल्माबाई थोडा वेळ त्या बोटांकडे पाहत राहिल्या. मग ट्रकांच्या रांगेकडे पाहिलं. मग पुन्हा बोटांकडे. आणि मग सावकाश बर्निसकडे वळल्या.

"ऐकलंस, बर्निस? एक ओळ! माझ्या वेडला एक ट्रक वळवायचा तर दोन्ही हात लागतात. याने एवढीशी ओळ लिहिली, तर अख्ख्या गावाचे ट्रक माझ्या दारात! आणि तीसुद्धा चुकून! अगं, लक्ष देऊन लिहिली असती तर काय झालं असतं, विचार कर!"

बर्निसने विचार केला असावा. शेवटी खोल श्वास घेऊन म्हणाली, "आमच्या डॅरिलची चूक झाली तर एकच दात जातो."

"होईल गं, तोही मोठा होईल," इल्माबाई तिची पाठ थोपटत म्हणाल्या.

वेड हसून हसून खोकायला लागला. त्याने शिट्टी मारून सगळ्यांना ट्रककडे हाकललं. ताटल्या खाली ठेवल्या गेल्या, इंजिनं घरघरली आणि एकामागून एक ट्रक फाळ खाली सोडून गावभर पांगले. गल्ली रिकामी होईपर्यंत इल्माबाई हात हलवत उभ्या होत्या, एखाद्या सेनापतीच्या आईसारख्या.

आर्लनचा फोन वाजला. कर्टिस होता. "मेयरबाई खूश आहेत! म्हणतायत, इतके ट्रक इतक्या पटकन एका ठिकाणी आणता येतात हे त्यांना माहीतच नव्हतं. काय सांगू त्यांना?"

"सांग, एका ओळीचं काम आहे," आर्लन म्हणाला, आणि सदऱ्याचं बटण पुन्हा ताणल्यासारखं वाटून त्याचं त्यालाच हसू आलं.

आत येऊन तो टेबलाशी बसला. इल्माबाईंनी ट्रेमधला सगळ्यात मोठा तुकडा त्याच्या ताटलीत वाढला, वर जॅम घातला आणि मायेने विचारलं, "ती ओळ आहे ना रे अजून?"

"नाही, आई. काढून टाकली मी मगाशीच."

"काढलीस?"

"काढायलाच हवी होती."

इल्माबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, ताटलीतला तुकडा उचलला आणि त्याचा अर्धा भाग परत ट्रेमध्ये ठेवला.

"एकदा विचारायचंस तरी मला."