स्यात् गळत आहे

विश्रांतवाडीच्या समन्वय सहकारी गृहरचना संस्थेत, ब इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, रविवारी सकाळी पावणेदहा वाजता नीरजा आगाशे यांच्या फोडणीत वरून एक थेंब पडला. तेल तडतडलं. नीरजाबाईंनी छताकडे पाहिलं, तेव्हा दुसरा थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला. बरोबर वर केयूर राजवाडेचं बाथरूम होतं. कुठल्याही प्लंबरला एवढा पुरावा पुरला असता. पण संस्थेचा नियम होता, आधी लेखी अर्ज.

अध्यक्ष श्यामसुंदर बेहेरे यांनी अर्ज वाचून लाल पेन काढलं. गेल्याच महिन्यात त्यांनी जैनांच्या अनेकान्तवादावरची पाच दिवसांची व्याख्यानमाला पहिल्या रांगेत बसून ऐकली होती. तेव्हापासून संस्थेच्या कारभारात सत्याला बाजूच बाजू फुटल्या होत्या.

“‘गळत आहे’ असं ठामपणे लिहिलंयत.”

“गळतंयच.”

“हा एकान्त झाला, आगाशेबाई, एकाच बाजूचा हट्ट. ‘स्यात् गळत आहे’ असं लिहा. म्हणजे, एका अपेक्षेने गळत आहे. वरच्यांच्या अपेक्षेने वाहून जात आहे. महापालिकेच्या अपेक्षेने तर पुरवठा होत आहे.”

तक्रारवहीत आता सात ‘भंगां’चे, म्हणजे विधानाच्या सात प्रकारांचे, सात रकाने होते: आहे, नाही, आहे आणि नाही, सांगता येत नाही, आणि उरलेले तीन या चौघांच्या आपसातल्या सोयरिकीतून झालेले. नीरजाबाईंनी पहिल्या रकान्यात खूण केली.

“बाकीचे सहाही भरा,” बेहेरे म्हणाले. “अपूर्ण अर्ज आम्ही स्वीकारत नाही.”

सात खुणा करून नीरजाबाई वर गेल्या. केयूर एका खासगी विद्यापीठात उत्तर-आधुनिक विचार शिकवायचा. त्याने दार उघडलं, बिनसाखरेची कॉफी दिली आणि तक्रार शांतपणे ऐकून घेतली.

“मॅम, लीकेज ही तुमची रीडिंग आहे. मी ती रिस्पेक्ट करतो. पण ‘वरचा’ आणि ‘खालचा’ ही उतरंड कुणी ठरवली?”

“बिल्डरने.”

“एक्झॅक्टली! सत्ता! आणि पाणी एकदा माझ्या बादलीतून सुटलं की त्याच्या अर्थावर माझा काही हक्क राहत नाही. अर्थ तुमचा.”

“अर्थ तुम्हीच ठेवा. पाणी परत घ्या.”

प्रकरण विशेष सभेत गेलं. विषय क्रमांक एक: ‘अनेकान्तवाद व उत्तर-आधुनिकता : तौलनिक विचार, गळतीच्या विशेष संदर्भात.’ बेहेरे म्हणाले, प्रत्येकाकडे सत्याचा एकेक तुकडा असतो. केयूर म्हणाला, सत्य नसतंच, नुसते दावे असतात. दोन तासांत सभासदांनी दोघांनाही सारख्याच टाळ्या दिल्या आणि बटाटेवडे संपवले.

नीरजाबाई उभ्या राहिल्या. “यांच्या मते सगळेच थोडे थोडे बरोबर. त्यांच्या मते बरोबर असं काही नसतंच. आणि दोघांच्याही मते प्लंबर बोलवायचा नाही. असंच ना?”

“साम्यस्थळ उत्तम टिपलंत!” बेहेऱ्यांनी ते इतिवृत्तात घ्यायला लावलं.

तळमजल्यावरच्या मुथाकाकू, जन्माने जैन आणि वयाने सत्तरीच्या, खुर्ची पुढे सरकवून बेहेऱ्यांकडे वळल्या. “अहो बेहेरे, अनेक बाजू म्हणजे प्रत्येक बाजूला जाऊन उभं राहायचं असतं. हिच्या ओट्याशी एकदा तरी उभे राहिलात का?”

“काकू, तो व्यवहार झाला. आपण तत्त्वावर बोलतोय.”

गुरुवारी नीरजाबाई कढीपत्ता तोडायला बाल्कनीत गेल्या आणि मागे धडाम् आवाज झाला. परत येऊन पाहतात तो चांगलं हातभर छत ओट्यावर, आणि भोकातून साबण लावलेला एक पाय गुडघ्यापर्यंत खाली लोंबतोय. जिथे त्या रोज उभ्या राहायच्या, तिथे आता विटांचा ढीग होता. त्या जमिनीवरच बसल्या, आणि मग त्यांना हसू फुटलं. ते काही केल्या थांबेना.

बेहेरे धावत आले. “छत आहे आणि नाही! तिसरा भंग, प्रत्यक्ष डोळ्यांसमोर!” त्यांनी फोटो काढला.

वरून किंचाळी आली, “वर बघू नका! हे माझं बाथरूम आहे!”

“ही तुमची रीडिंग झाली,” नीरजाबाई म्हणाल्या.

“रीडिंग नाही! फॅक्ट आहे, फॅक्ट!”

नीरजाबाई तडक खाली उतरल्या आणि बेहेऱ्यांच्या पार्किंगमध्ये त्यांनी आपली स्कूटर आडवी लावली.

“अहो, ही जागा माझी!”

“एका अपेक्षेने.”

“अपेक्षा-बिपेक्षा काही नाही! माझी म्हणजे माझी!”

प्लंबर वीस मिनिटांत आला. पाठोपाठ गवंडीही आला. आठ दिवसांत छत झालं, रंगही झाला.

नवव्या दिवशी बेहेरे एक कागद घेऊन दारात आले. ‘आम्ही सर्व सभासद एकमताने जाहीर करतो की आपल्या संस्थेत कधीही, कुठेही गळती झालेली नाही.’ ब इमारतीतला एक फ्लॅट बघायला गिऱ्हाईक येणार होतं, आणि एकाचा भाव पडला की सगळ्यांचाच पडतो. सत्याला आता एकच बाजू होती. केयूरची सही सर्वांत वर होती, वळणदार. मुथाकाकूंची जागा तेवढी कोरी होती. “भोक मी पाहिलंय,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

नीरजाबाईंनी कागद दोनदा वाचला. छताकडे पाहिलं. मग मुलीने मांजरी गावात पाहून ठेवलेला मोठा फ्लॅट आठवला. त्यासाठी हा कधीतरी विकावाच लागणार होता. त्यांनी सही केली, तारीखही घातली.

“आम्ही असतो तर नसती केली,” असं आपण म्हणताय, वाचकहो. भाड्याने राहता वाटतं?