फळीला शाल

माझं विरजण आजवर कधी फसलेलं नाही. डोंबिवलीच्या आमच्या सोसायटीत कुणाचंही दही बिघडलं की वाटी घेऊन आमच्याच दाराशी येतात. दुधाकडे नुसतं बघून मी सांगते, किती थेंब आणि किती तास. एवढा हात बसलेल्या बाईला एक फळी चिकटवता येऊ नये? हा माझा त्या शनिवारचा विचार, आणि घोळ तिथूनच वाढला.

फळी माझ्या सुनेची. करिश्माला आमच्या घरी येऊन तीन महिने झालेले. ती कमरेला मोठा पतंग बांधून, फळीवर पाय रोवून, वाऱ्याबरोबर समुद्रावरून धावते. त्याला काइटबोर्डिंग म्हणतात. येत्या शुक्रवारी रामेश्वरमला तिची स्पर्धा होती. "लोक तिथे पापं धुवायला जातात, आमची सून उड्या मारायला," असं मी एकदा तिच्यासमोर बोलून गेले. ती हसली नाही. तेव्हापासून आमचं बोलणं "चहा घेणार?" आणि "हो आई" एवढ्यावर आलेलं.

शनिवारी सकाळी ती टिटवाळ्याला माहेरी गेली. मुलगा मयूर कामासाठी बंगलोरला. मला माळ्यावरची परात काढायची होती आणि शिडी मिळेना. मी दोन स्टुलं मांडली, वर तिचा बोर्ड आडवा टाकला आणि चढले. समुद्राच्या लाटा सोसणाऱ्या फळीला माझ्याने काय धाड भरणार होती?

कडकन आवाज झाला. बोर्डाला मधोमध हातभर भेग, आणि मी परातीसकट जमिनीवर.

आमचे हे, म्हणजे विश्राम, धावत आले. "लागलं का गं?"

"मला नाही, तिला."

"मग फोन करून सांग करिश्माला."

"काय सांगू? तुझ्या स्पर्धेच्या फळीवर मी चढले? ती टिटवाळ्यालाच राहील कायमची."

मी खरंच घाबरले होते. तीन महिन्यांत तिने मला एकदाही उलट उत्तर दिलेलं नव्हतं, आणि मला भीती त्याचीच जास्त वाटायची. ती उद्या संध्याकाळी यायच्या आत भेग बुजायलाच हवी होती.

ह्यांनी दुकानातून भेगा बुजवायची इपॉक्सी आणली. दोन बाटल्या. एकीत चिकट रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारं हार्डनर. कागदावर लिहिलेलं, दोन भागांना एक भाग.

"हे तर विरजणच की," मी म्हटलं. "घाई असली की जरा जास्त घालायचं."

"अगं, पण कागदावर..."

"कागदाने कधी दही लावलंय?"

मी रेझिनच्या बरोबरीने हार्डनर ओतलं, तेही एका पातेल्यात, सगळं एकदम. थोड्या वेळात पातेलं चटका द्यायला लागलं, मग त्यातून धूर निघायला लागला. मी घाईघाईने ते भेगेवर ओतलं आणि पातेलं बाल्कनीत नेऊन ठेवलं. आता ऊब हवी. कपाटात हाताला लागली ती शाल ओढली आणि बोर्ड गुंडाळला.

"ती माझ्या निवृत्तीच्या सत्काराची शाल आहे," हे क्षीण आवाजात म्हणाले.

रविवारी सकाळी शाल ओढली. आली नाही. जोर लावला तर अख्खा बोर्डच उचलला गेला. कडेने बोट घालून बघितलं तर आत गुळाच्या पाकासारखं चिकट. तेवढ्यात बेल वाजली.

दारात शेजारच्या आवडाबाई आणि सोसायटीचे अध्यक्ष महिपतराव. आमची बिल्डिंग आवडाबाईंच्या सासऱ्यांच्या शेतावर उभी आहे, त्यामुळे कुणाच्याही घरात शिरायला त्यांना परवानगी लागत नाही.

"काल धूर कसला येत होता?" महिपतरावांनी विचारलं.

आवडाबाईंचं लक्ष बोर्डाकडे. "काय गो वयनी, या फलीला शाल कशाला घातलीस?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांत माझ्यासाठी कधी खोटं न बोललेला माणूस म्हणाला, "सत्कार. सूनबाई स्पर्धेला चाललीय ना. धूर तो... धूप लावलेला."

सत्कार म्हटला की महिपतरावांना राहवत नाही. "मग घरात कशाला? सोसायटीतर्फे करू. आज सहा वाजता, ऑफिसात." मी नको म्हणेपर्यंत ते ग्रुपवर टाकून मोकळे झाले.

सहा वाजता ऑफिस भरलेलं. टेबलावर शालीतला बोर्ड, वर हार, पुढे नारळ. करिश्मा स्टेशनवरून थेट तिथेच आली आणि दारात थबकली. टाळ्या झाल्या. आवडाबाईंनी तिला कुंकू लावलं. महिपतराव माइकवर पंधरा मिनिटं बोलले. मग माइक करिश्माकडे आला.

"माझ्या माहेरी हा खेळ कुणालाच आवडत नाही," ती म्हणाली. "आईंनाही आवडत नाही असं वाटायचं." तिने शालीवर हात ठेवला. "ही शाल मी काढणार नाही. बोर्ड असाच रामेश्वरमला नेते. पाण्यात उतरतानाच उघडेन."

पाण्यात! म्हणजे तिला कळणार ते थेट स्पर्धेच्या वेळी. किंवा त्याहून वाईट, कळणारच नाही, आणि पोर मोडक्या फळीवर भर समुद्रात जाईल. मी उठून उभी राहिले.

"उघडणार नाही गं ती. चिकटलीय. फळी मोडलीय. दोन स्टुलांवर टाकून मी चढले होते."

"अगो बाय," आवडाबाई म्हणाल्या.

करिश्माने बोर्ड उलटा करून बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर खळखळून हसली. "आई, एक फोन करायचा ना मला."

"तुझी भीती वाटते गं."

"मला तुमची वाटते."

तिने मला मिठी मारली. मी रडले, तीही रडली. गोष्ट इथे संपली असती तर माझी अब्रू शाबूत राहिली असती. पण करिश्माने डोळे पुसले आणि फोन काढला.

"थांबा, वॉरंटी आहे. नव्वद किलोपर्यंतचं माणूस उभं राहून मोडला तर बदलून देतात. आई, तुमचं वजन किती?"

सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. हे छताकडे बघायला लागले. महिपतरावांनी मदत म्हणून माइक माझ्या तोंडाशी धरला. खरं बोलायचं मी ठरवलं होतं, पण ते फळीपुरतं.

शेवटी सांगितलं.

करिश्माने वॉरंटीचं पान बंद केलं आणि तिच्या प्रशिक्षकांना फोन लावला. "सर, एक बोर्ड उसना मिळेल का?"